बारा बोरची निगा : गज, चिंधी आणि हाताचा घाम

फौजेत सतरा वर्षं काढली आणि त्यानंतर सोलापुरात एका बँकेच्या दारात चौदा वर्षं. या दुसऱ्या नोकरीत माझी स्वतःची दोन नळीची बारा बोर बंदूक रोज आठ तास हातात असायची. सराव सोडला तर तिच्यातून एकही बार झाला नाही. तरी तिची निगा मला फौजेतल्या रायफलपेक्षा जास्त करावी लागली. परवा नव्याने कामाला लागलेल्या एका पोराने विचारलं, "हवालदारसाहेब, बंदूक साफ करायला काय काय घेऊ?" त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितोय.

आधी बंदूक रिकामी करा. दोन्ही काडतुसं काढून दुसऱ्या खोलीत ठेवा, नळ्या उघडून काडतूस बसतं त्या दोन्ही घरांत बोट घालून बघा. नुसत्या नजरेवर विसंबू नका. घरात लहान मुलं असतील तर त्यांना बाहेर पाठवून मगच बसा.

आता मूळ गोष्ट. न झाडलेली बंदूक धुराने नाही, हाताच्या घामाने खराब होते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४३-४४ पर्यंत जातो आणि दुपारी दोन वाजता दारात उभं राहिलं की तळहात कोरडा म्हणून राहत नाही. नोकरीच्या पहिल्याच उन्हाळ्यात एका शनिवारी मी बंदूक तशीच रेक्झिनच्या कव्हरात घालून घरी आणली. सोमवारी सकाळी चेन उघडली तर डाव्या हाताची पकड येते तिथे नळीवर चार बोटं तांबूस उमटलेली. माझीच बोटं. तर्जनीवर जुन्या जखमेचा तिरका व्रण आहे, तोसुद्धा त्या गंजात स्पष्ट दिसत होता. तेव्हापासून ड्यूटी संपली की आधी बंदूक पुसायची, मग चहा. कव्हर फक्त नेण्या-आणण्यापुरतं. घरात कुलपाच्या कपाटात बंदूक उघडीच ठेवायची, कारण कव्हर ओल धरून ठेवतं.

रोजचं काम पाच मिनिटांचं आहे. कोरड्या चिंधीने घाम पुसा, मग दोन थेंब तेल लावलेल्या चिंधीने नळ्या, चाप, चापाची कडी, सगळं लोखंड पुसून घ्या. तेल दिसता कामा नये, हाताला नुसतं जाणवलं पाहिजे.

सामान थोडंच लागतं. पहिला गज, म्हणजे नळीतून चिंधी फिरवायची लांब काठी. लाकडी किंवा पितळी घ्या. उघड्या लोखंडी गजाने नळीच्या तोंडाला ओरखडे पडतात. नळी साधारण २८ ते ३० इंच असते, गज त्याहून चार-सहा इंच लांब हवा. फौजेतल्या सवयीने पुलथ्रू, म्हणजे चिंधी ओढायची दोरी, घेऊ नका. बारा बोरचं भोक सुमारे साडेअठरा मिलिमीटर, त्यात रायफलची चार बाय दोन इंचांची चिंधी सैल फिरते. जाड चिंधी लावली आणि मध्येच दोरी तुटली तर ती आतच अडकते. दुसरा, बारा बोरच्याच मापाचा ब्राँझच्या तारेचा ब्रश. तिसरा, जुना दात घासायचा ब्रश. शिवाय बांबूची टोकदार काडी आणि पातळ गन ऑइल. शिलाई मशिनच्या तेलावरही भागतं.

चिंधी मात्र पारखून घ्या. सोलापुरात कापडाला तोटा नाही, पण चादरीचा आणि टॉवेलचा तुकडा इथे चालत नाही. टॉवेलचे फासे सुटतात, धागे एक्स्ट्रॅक्टरखाली, म्हणजे काडतूस बाहेर ढकलणाऱ्या तुकड्याखाली, जाऊन बसतात आणि तेल शोषून तिथेच कुजतात. शंभर वेळा धुतलेलं जुनं धोतर सगळ्यात चांगलं. त्याचे तीन-तीन इंचांचे चौकोन एकदाच कापून डब्यात भरून ठेवा. माझ्या डब्यात कायम पन्नासेक असतात.

सरावात बार काढले असतील त्या दिवशी नळ्या सोडवून घ्या. काडतुसाच्या बाजूने गज घाला म्हणजे मळ पुढून बाहेर पडेल. सॉल्व्हंटची, म्हणजे जळलेल्या दारूचा मळ सोडवणाऱ्या द्रवाची, ओली चिंधी फिरवा, दहा मिनिटं थांबा, मग ब्रश. ब्रश पूर्ण बाहेर निघाल्याशिवाय मागे ओढू नका, मध्येच उलटवला तर तारा मोडतात. घराच्या पुढे, नळी जिथे निमुळती होते, तिथे शिसं आणि काडतुसातल्या प्लॅस्टिकच्या डाटाचा लेप बसतो. तिथे हात जास्त चालवा. चिंधी स्वच्छ निघेपर्यंत कोरड्या चिंध्या फिरवा, शेवटी तेलाची एक. मग नळी उजेडाकडे धरून बघा. आत गोल वलयं एकसंध चमकली पाहिजेत. काळा ठिपका पुसून जात नसेल तर तो मळ नाही, गंजाचा खड्डा आहे. त्यावर सँडपेपर किंवा राख अजिबात नको. परवानाधारक कारागिराला दाखवा. चापाच्या आतल्या यंत्राचे स्क्रू स्वतः उघडू नका. दुरुस्तीच्या धंद्यालाही १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो, म्हणून कुठल्याही लेथवाल्याकडे जाऊ नका.

स्वयंपाकघरातलं तेल लोखंडाला लावू नका. आमच्या भागातल्या एका शेतकऱ्याने कौतुकाने करडईचं लावलं होतं. ते सुकून डिंकासारखं झालं आणि दाबलेला चाप जागेवर परत येईना.

दस्त्याला मात्र जवस. चटणीचं घरचं नाही, रंगाच्या दुकानातलं डबल बॉइल्ड. वर्षातून एकदा, मी जानेवारीतली गड्ड्याची यात्रा आटोपली की लावतो. चार-पाच थेंब तळहातावर घेऊन लाकूड गरम होईपर्यंत चोळायचं आणि उरलेलं पुसून टाकायचं. जवसाने भिजलेली चिंधी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेटते. पाण्यात भिजवा किंवा अंगणात पसरून वाळवा. तेल लावलेली बंदूक पहिले एक-दोन दिवस नळ्या खाली करून ठेवा. नळ्या वर करून उभी ठेवली तर तेल झिरपून दस्त्याचं लाकूड सांध्याशी मऊ पडतं.

आचारसंहितेत ज्यांची बंदूक जमा होते त्यांनी देण्याआधी नळीत तेलाचा हात जरा सढळ ठेवावा. परत मिळाल्यावर काडतूस भरण्याआधी दोन्ही नळ्यांतून गज घालावा आणि आरपार उजेड बघावा. एकाच्या डाव्या नळीतून मी कुंभारीण माशीचं मातीचं घर काढलंय, बोटाच्या पेराएवढं. तेवढ्या अडथळ्यावर बार केला असता तर नळी फाटली असती.