गाडी आडवी झाली, आता दुरुस्तीला सुरुवात कुठून करायची

बाईकच्या मोठ्या अपघाताबद्दल नाही बोलत मी. खडीवरून पुढचं चाक सटकलं आणि गाडी कुशीवर गेली, किंवा सिग्नलला मागून कुणीतरी हलकीशी ठोकली, असलं काहीतरी. ढोपर खरचटलंय, पण उठून उभं राहता येतंय, आणि आजूबाजूला कुणी बघत तर नाही ना ते आधी बघून झालंय (सगळेच बघतात, लाजू नका). नेमकी इथेच पहिली चूक होते, लाजेपायी आपण पटकन गाडी उचलायला धावतो.

आधी चावी बंद करा. पेट्रोलचा वास येतोय का, खाली काही गळतंय का बघा, आणि स्वतःचे हातपाय हलवून बघा, कारण त्या वेळी अंगात जी तरतरी असते ना तिच्यामुळे दुखणं तासाभराने कळतं. हेल्मेट रस्त्यावर आपटलं असेल तर ते गेलं असं समजा. वरून एक ओरखडा दिसतो फक्त, पण आतला थर्माकोलसारखा थर दबून मार खातो आणि एकदा दबला की परत फुगत नाही, म्हणजे त्या जागी दुसऱ्यांदा मार बसला तर वाचवायला काही उरलेलंच नसतं.

उचलताना गाडी उजव्या कुशीवर पडली असेल तर आधी साईड स्टँड खाली उघडून ठेवा, नाहीतर जोर लावून उभी केली आणि पलीकडे पाडली असं होतं, माझं झालंय. गियरमध्ये असू द्या म्हणजे घरंगळणार नाही. सीटकडे पाठ करायची, खाली बसायचं, एका हाताने हँडल आणि दुसऱ्या हाताने मागचं ग्रॅबरेल (मागे बसणारा धरतो तो दांडा) धरायचं आणि पायांच्या जोरावर मागे मागे चालत उठायचं. कंबरेने उचलायला गेलात तर गाडीच्या आधी तुमचीच दुरुस्ती निघेल.

आता लगेच स्टार्ट मारू नका. आडवी पडलेली असताना इंजिनचं ऑइल ब्रीदरच्या (इंजिनमधली हवा बाहेर सोडणाऱ्या) पाइपातून एअर फिल्टरच्या डब्यात जाऊ शकतं, आणि कार्ब्युरेटरची गाडी असेल तर पेट्रोल सांडून प्लग ओला होतो. म्हणून पाच-दहा मिनिटं सरळ उभी ठेवा आणि ऑइलची लेव्हल बघा. सेल्फ मारल्यावर इंजिन अडकल्यासारखं वाटलं तर परत परत जोर लावू नका, सिलिंडरमध्ये ऑइल किंवा पेट्रोल भरलेलं असू शकतं, आणि हवा दाबली जाते तसं ते दाबलं जात नाही, मग आतला कनेक्टिंग रॉड वाकतो आणि छोट्या पडण्याचं मोठं काम होऊन बसतं. चालू झाल्यावर थोडा वेळ धूर आला आणि मग थांबला तर घाबरायचं कारण नाही, आत गेलेलं ऑइल जळतंय.

आणि सुरूच होत नसेल तर लगेच टेम्पो बोलवायचं नाही. कार्ब्युरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन असलेल्या बऱ्याच गाड्यांत टिल्ट सेन्सर असतो, गाडी आडवी झाली की तो इंजिन बंद करतो, चावी बंद करून परत चालू केली की बहुतेक वेळा प्रश्न मिटतो. किल स्विच, म्हणजे हँडलवरचं इंजिन बंद करायचं बटण, पडताना दाबलं गेलंय का बघा. आणि क्लच लिव्हर वाकलं असेल तर त्याच्या बुडाशी असलेला छोटा स्विच दबत नाही, गाडीला वाटतं तुम्ही क्लच धरलेलाच नाही, म्हणून ती गियरमध्ये सेल्फ घेत नाही. न्यूट्रल करून बघा. साईड स्टँडच्या स्विचचंही तेच. एकदा माझी गाडी मी दोन किलोमीटर ढकलत नेली आणि मेकॅनिकने न्यूट्रल करून बटण दाबलं. एवढंच.

आता घरी चालवत न्यायची की नाही, हे ठरवायला तीन-चार गोष्टी पुरतात, टाकीवरचा ओरखडा त्यात येत नाही. त्याच्याकडे आपलं लक्ष सगळ्यात आधी जातं आणि जीव तिथेच अडकतो, पण तो ओरखडा वर्षभर तसाच राहिला तरी कुणाचं काही बिघडत नाही.

सगळ्यात महत्त्वाचा थ्रॉटल, म्हणजे आपलं रेस. गाडी हँडलच्या टोकावर पडते, टोकाचं वजन आत सरकतं आणि ग्रिपला घासायला लागतं, किंवा ग्रिपचं रबर फाटून मध्ये येतं. इंजिन बंद ठेवून रेस पूर्ण पिळा आणि सोडा, खाडकन मागे यायला पाहिजे. हळूहळू आली, मध्ये रेंगाळली, तर चालवू नका. हेच हँडल पूर्ण डावीकडे वळवून करा आणि मग पूर्ण उजवीकडे वळवून करा, कारण केबल कुठे ओढली गेली असेल तर ती सरळ हँडलला कळत नाही, वळणावर कळते, आणि तेव्हा फार उशीर झालेला असतो.

मग ब्रेक. पुढचं लिव्हर दाबल्यावर स्पंजसारखं लागतंय का, होजवर (ब्रेक ऑइलच्या रबरी नळीवर) कुठे चीर आहे का, मागचं पेडल वाकून फुटरेस्टला किंवा इंजिनच्या कव्हरला टेकतंय का. लिव्हरचं फक्त टोक तुटलं असेल आणि दोन बोटं नीट बसत असतील तर हळूहळू घरी जाता येतं. गियर लिव्हर वाकून आत गेलं असेल तर ते बाहेर खेचायच्या नादात शाफ्टवर जोर येतो, म्हणून शक्यतो ते लिव्हर काढून मग सरळ करायचं. इंजिनच्या कव्हरला तडा जाऊन ऑइल गळत असेल तर विषय संपला, ते ऑइल मागच्या टायरवर जातं, गाडी टेम्पोतच घाला.

आता खरा मुद्दा, पुढचे शॉकअप, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या, धक्के पचवणाऱ्या दोन नळ्या. माझ्याकडे यावर एक अख्खी कहाणी आहे. पडल्यानंतर माझी गाडी सरळ जायला हँडल थोडं डावीकडे धरायला लागायचं, म्हणजे हँडल वाकडं आणि गाडी सरळ. एका गॅरेजवाल्याने बघितलं, म्हणाला हँडल बेंड आहे, नवीन टाकू. टाकलं. पैसे गेले आणि वाकडेपणा तसाच! दुसऱ्या मेकॅनिककडे नेली तर तो गाडीसमोर चार पावलं लांब जाऊन उभा राहिला, एक डोळा मिटला, दोन्ही शॉकअप आणि टायर एका रेषेत बघितले आणि म्हणाला, "दादा, हँडलला काय झालेलं नाय, टी मध्ये शॉकअप फिरलेत."

होतं काय, की दोन्ही शॉकअपच्या नळ्या वरच्या आणि खालच्या टी मध्ये (टी म्हणजे हँडलखालची, दोन्ही नळ्यांना जोडणारी आडवी पट्टी) फक्त बोल्टने आवळून धरलेल्या असतात, चाकाला बाजूने हलका धक्का बसला की बऱ्याचदा नळ्या वाकत नाहीत पण त्या टी मध्ये जराशा पिळवटून बसतात. त्याने पुढचं चाक उचलून घेतलं, एक्सल, मडगार्डचे बोल्ट आणि खालच्या टी चे बोल्ट ढिले केले, चाक गुडघ्यात धरलं आणि हँडल एकदा झटक्यात फिरवलं. मग गाडी खाली घेऊन पुढचे शॉकअप चार-पाच वेळा दाबले म्हणजे सगळं आपापल्या जागी बसतं, आणि परत आवळलं, टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोरानेच आवळणारा पाना). अर्धा तास. एकही पार्ट लागला नाही. तेव्हापासून हँडल वाकडं वाटलं की कुणी काहीही बदलायच्या आधी मी विचारतो, टी ढिला करून बघितला का?

पण नळी खरंच वाकलेली असेल तर ही युक्ती चालत नाही. शॉकअप दाबल्यावर मध्येच अडकतो, किंवा नळीवर ऑइलचं कडं दिसतं, म्हणजे सील गेलं किंवा नळी वाकली. खात्री करायची तर नळी काढून फिरवत डायल गेजने (बारीक वाकडेपणा दाखवणारं काट्याचं मापक) मोजायची, बऱ्याच गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये ०.२ मिलिमीटरच्या वर वाकलेली नळी बाद असते, म्हणजे नुसत्या डोळ्याला दिसायच्या आधीच ती बाद झालेली असते. प्रेसवर सरळ करून देतो म्हणणारे भेटतात, मी पुढच्या शॉकअपच्या बाबतीत तरी त्यांच्या वाटेला जात नाही.

रिमचा आउट, म्हणजे फिरतानाचा वाकडेपणा, घरीच बघता येतो. चाक उचलून एक केबल टाय शॉकअपला बांधा, टोक रिमच्या अगदी जवळ येईल असं कापा आणि चाक हळू फिरवा. टोक आणि रिममधलं अंतर कमीजास्त झालं की आउट आहे. स्पोकच्या चाकाचा आउट स्पोक आवळून काढता येतो, अलॉयला तडा असेल तर वेल्डिंग नको, बदला. असाच डिस्कलाही आउट येतो, मग ब्रेक दाबताना लिव्हर हाताला धडधड करतं. आणि चासीच्या गळ्याशी, जिथे हँडल बसतं तिथे, वेल्डिंगजवळ रंगाचे पापुद्रे निघालेत का बघा, हँडल पूर्ण वळल्यावर जिथे अडतं तो स्टॉपर दबलाय का तेही बघा. तिथे काही दिसलं तर मामला छोटा राहिलेला नाही.

गॅरेजला द्यायच्या आधी चारही बाजूंनी फोटो काढा, किलोमीटरचा आकडा आणि नंबर प्लेट दिसेल असे. इन्शुरन्स क्लेम करायचा असेल तर गाडी उघडायच्या आधी कंपनीला कळवा, एकदा पार्ट बदलले की सर्व्हेअरला दाखवायला काही उरत नाही. पण एक लिव्हर, एक आरसा, एक इंडिकेटर एवढ्यासाठी क्लेम करावा का? तुमच्या खिशातून जाणारी ठरलेली रक्कम आणि पुढच्या वर्षी जाणारा नो क्लेम बोनस यांची बेरीज करून बघा, बऱ्याचदा रोख देणं स्वस्त पडतं.

एस्टिमेट लेखी घ्या, पार्ट वेगळे आणि मजुरी वेगळी. उघडल्यावर अजून काही निघालं तर फोन करा, विचारल्याशिवाय काम करू नका, हे आधीच सांगायचं, आणि जुने पार्ट परत द्या म्हणायचं. या वाक्याने बिल आपोआप शहाणं होतं. पार्टच्या बाबतीत माझा हिशोब सोपा आहे, आरसा, इंडिकेटर, लेग गार्ड साध्या कंपनीचे किंवा जुन्या बाजारातले चालतात, पण शॉकअप, ब्रेक, एक्सल, हँडल या गोष्टी नवीन आणि ओरिजिनल. वाकलेलं अल्युमिनियमचं लिव्हर ठोकून सरळ करून घेऊ नका, आज सरळ दिसेल आणि नेमकं ज्या दिवशी जोरात ब्रेक मारायचा असतो त्या दिवशी हातात येईल.

फुटलेलं प्लॅस्टिक मात्र फेकू नका. पॅनल काढून मागच्या बाजूला बघा, बारीक अक्षरात एबीएस किंवा पीपी असं छापलेलं असतं (हा एबीएस वेगळा, ब्रेकवाला नाही, मी पण आधी गोंधळलो होतो). एबीएस असेल तर त्याच प्लॅस्टिकचे तुकडे अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवून घट्ट लापशीसारखं करायचं आणि मागून चिरेत भरायचं, सुकल्यावर ते एकजीव होतं. पीपीला ना ते चालतं ना साधा गोंद, त्याला गरम सळईने वितळवून जोडावं लागतं, आत स्टीलची बारीक जाळी दाबली तर अजून पक्कं. टाकीला पोचा असेल तर तो नुसता ओढून काढणारा माणूस आधी शोधा, रंग शाबूत असेल तर पेंटचा खर्च वाचतो. गॅस वेल्डिंग करू म्हणाले तर सरळ नाही म्हणा, रिकामी टाकीसुद्धा पेट्रोलच्या वाफेने भरलेली असते.

गाडी परत घ्यायला दिवसा उजेडी जा. परत तीच रेसची टेस्ट, हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून. सगळे लाइट, हॉर्न, ब्रेक लाइट दोन्ही ब्रेकने लागतोय का. हेडलाइटचा झोत भिंतीवर बघा, पडल्यावर तो हमखास वर किंवा बाजूला जातो आणि कुणाच्याच लक्षात येत नाही, रात्री समोरचे शिव्या द्यायला लागतात तेव्हा कळतं. एक चक्कर रिकाम्या रस्त्यावर हळू मारा, हात हँडलवर सैल ठेवून, गाडी एका बाजूला ओढते का बघत. हात सोडून बघायचा शहाणपणा नको.

दोनशे किलोमीटर झाले की हँडलचे, टी चे, एक्सलचे बोल्ट एकदा परत तपासून घ्या, फुकटात होतं. माझ्या टाकीवरचा ओरखडा अजून आहे, त्यावर स्टिकर लावलाय, तोही आता फाटत आलाय.