वैनगंगेकाठच्या सोन्याच्या नाल्यांचे जुने नकाशे कसे वाचावेत

भंडारा, गोंदिया आणि भिवापूरकडच्या भागात सोनझरी समाजाच्या लोकांनी पिढ्यानपिढ्या नाल्यांची वाळू धुऊन सोन्याचे कण वेचले. याच भागातल्या, साकोली नावाने ओळखल्या जाणाऱ्या खडकांच्या पट्ट्यात परसोरी, कोलारीजवळ भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने सोन्याचा शोधही घेतला. हे नाले पूर्वी कुठून वाहत, हे पाहायला भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या, एक इंचाला एक मैल मापाच्या टोपोशीट, म्हणजे उंचसखलपणा, नाले, गावं दाखवणारे तपशीलवार नकाशे, फार उपयोगी पडतात.

आधी शीटचा क्रमांक काढा. ५५ क्रमांकाच्या मोठ्या चौकोनात ७६ ते ८० अंश पूर्व रेखांश आणि २० ते २४ अंश उत्तर अक्षांश येतात. गोंदिया त्याच्या पूर्वेला, म्हणजे ६४ मध्ये. अशा प्रत्येक क्रमांकाचे एकेक अंशाचे १६ भाग ए ते पी, आणि प्रत्येक भागाच्या पुन्हा १६ शीट. मोजणी वरच्या डाव्या कोपऱ्यातून सुरू होऊन उभी खाली जाते, मग शेजारचा स्तंभ. पवनी साधारण २०.७९ उत्तर, ७९.६३ पूर्व, म्हणून ५५ पी/९.

जुनी शीट विद्यापीठाच्या भूगोल विभागात विचारा. टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर अमेरिकी लष्कराचे १९५० च्या दशकातले १:२,५०,००० मापाचे नकाशे फुकट मिळतात, पण त्यांत लहान नाले गळतात. तुलनेसाठी सर्वेक्षण विभागाच्या पोर्टलवरून आजचा १:५०,००० चा नकाशा उतरवा.

हातात आल्यावर समासात जमिनीच्या मोजणीचं वर्ष पाहा. छपाईचं वर्ष वेगळं असतं आणि तेच धरून चालल्यास सगळा काळ चुकतो. टिंब असलेला त्रिकोण म्हणजे त्रिकोणमितीय ठाणं, त्रिकोण आखून केलेल्या भारताच्या मोजणीतला एक बिंदू. त्या महामोजणीचा पाया घालणारे विल्यम लॅम्बटन १८२३ मध्ये आपल्या हिंगणघाटलाच वारले, हे विदर्भातल्या प्रत्येक शाळेत सांगायला हवं.

आता खरं काम: पाणी वाचा. निळी रेघ बारमाही प्रवाहाची, काळी कोरड्या पडणाऱ्या नाल्याची. तपकिरी समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, नाला ओलांडताना इंग्रजी व्हीसारख्या वळतात, त्यांचं टोक उगमाकडे असतं. त्या रेषा दाट असतील तिथे पाणी जोरात वाहतं. विरळ झाल्या की ते मंदावतं. सोन्याची घनता पाण्याच्या १९.३ पट, वाळूतल्या गारगोटीची सुमारे २.६५ पट. त्यामुळे वेग कमी होताच सोनं आधी खाली बसतं. वळणाची आतली बाजू, नाला नदीला मिळतो ती जागा, पात्रातले वाळूचे ठिपके यांच्यावर पेन्सिलीने खूण करा. नाला वर साकोली खडकांतून येतो का, हे भूवैज्ञानिक नकाशाशी पडताळल्याशिवाय मात्र त्या खुणेला अर्थ नाही.

मग जुना आणि नवा नकाशा क्यूजीआयएस या नकाशांच्या संगणक प्रणालीत एकावर एक ठेवा. जुन्याचा आधार एव्हरेस्ट गोलाभ, म्हणजे पृथ्वीच्या आकाराचं एक गणिती माप, मोबाईलचा डब्ल्यूजीएस ८४ हे दुसरं माप. तो न बदलल्यास नाला शेतात सरकलेला दिसेल. पवनीच्या वर तर गोसीखुर्दच्या जलाशयाने जुना काठ आणि कित्येक गावं गिळली आहेत. त्या गावांची वस्ती, पांदण आणि बोड्या (लहान तळी) जुन्या शीटवर पाहायला मिळतात, म्हणून त्या भागाची प्रत जपून ठेवा.

शेवटी नकाशा घेऊन गावातल्या जाणत्या माणसांबरोबर नाल्याने चाला. सोनझरी कुटुंबांना कुठे बसून वाळू धूत हे विचारा आणि ती जागा त्यांच्या परवानगीनेच नोंदवा. उकरायला जाऊ नका: १९५७ च्या खाण व खनिज कायद्यानुसार परवान्याशिवाय खाणकाम करता येत नाही.