भांडणानंतर कामावरून काढलं? पहिल्या पंधरवड्यातल्या या चुका टाळा

कोल्हापूरजवळची शिरोली असो, गोकुळ शिरगाव असो की कागलची पंचतारांकित एमआयडीसी, भांडणाचं निमित्त बहुतेक वेळा किरकोळ असतं. ओव्हरटाइमचा हिशेब जुळत नाही, फाउंड्रीत फेटलिंगच्या (ओतीव माल साफ करणाऱ्या) माणसाला न विचारता पोअरिंगला (वितळलेला धातू ओतायला) उभं केलं जातं, किंवा सुपरवायझर चारचौघांत आईवरून शिवी देतो. इकडून आवाज चढतो, तिकडून चढतो. दुसऱ्या दिवशी सकाळी वॉचमन गेटवर हात आडवा करतो, "आत सोडू नको म्हटलंय साहेबांनी."

पुढचे पंधरा दिवस कामगार काय करतो, यावर पुढची पाच-सात वर्षं ठरतात. कोर्टात वकिलाने काय युक्तिवाद केला हे नंतरचं. आपल्याकडची ईर्षा तालमीत शोभते. इथे तिच्यापायी माणूस "परत पाय ठेवणार नाही त्या कंपनीत" असं चार लोकांत बोलून मोकळा होतो आणि समोरच्याला आयता मुद्दा मिळतो.

गेटवरून मुकाट्याने घरी जाणं

सगळ्यांत महाग पडणारी चूक हीच. तोंडी काढलं की कागद नसतो. कागद नसला की तीन महिन्यांनी कंपनीचं उत्तर ठरलेलं असतं: आम्ही काढलंच नाही, तोच यायचा बंद झाला. मग काढून टाकल्याचं सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर येते, आणि साक्षीदार म्हणून ज्यांची नावं तुम्ही देणार, ते अजून त्याच गेटातून आत जात असतात.

म्हणून त्याच दिवशी साध्या मराठीत पत्र लिहा. वकिली भाषा नको. "मी अमुक तारखेला सकाळी सातच्या पाळीला हजर राहिलो. मला गेटवर अडवण्यात आलं. कामावरून काढल्याचा कोणताही लेखी आदेश मला मिळालेला नाही. मी आजही कामावर यायला तयार आहे. कामावर घ्यावं, अन्यथा कारण लेखी कळवावं." एवढं पुरे. भांडणात कोण काय बोललं, कोणाची चूक, हे या पत्रात घालू नका. त्यातलं सगळ्यांत मोलाचं वाक्य "यायला तयार आहे" हे आहे, तेवढं मात्र विसरू नका.

पत्र ऑफिसात नेऊन दिलं तर शिक्का मारून पोच मिळेल असं समजू नका. पोस्टाने पाठवा. जुनी माणसं अजून "रजिस्टर एडी कर" म्हणतात, पण २०२५ मध्ये टपाल खात्याने रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन केलं आहे. त्यामुळे काउंटरवर पोच मिळाल्याच्या पुराव्यासह स्पीड पोस्ट मागा. एक प्रत सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयाला द्या आणि तिथली पोच जपून ठेवा. कंपनीने पाकीट नाकारलं आणि ते "घेण्यास नकार" असा शेरा मारून परत आलं, तर ते फोडू नका. बंद पाकीटच कोर्टात दाखवायचं असतं.

याच मुद्द्यावर सुप्रीम कोर्टाचा १९९३ चा निकाल आहे, डी. के. यादव विरुद्ध जे. एम. ए. इंडस्ट्रीज. कंपनी म्हणत होती, आठ दिवसांपेक्षा जास्त गैरहजर राहिला, स्थायी आदेशांप्रमाणे (कंपनीच्या सेवानियमांप्रमाणे) नाव आपोआप कमी झालं. कामगार म्हणत होता, मला गेटवरच अडवलं. बाजू मांडायची संधी न देता असं नाव कमी करणं कोर्टाने मान्य केलं नाही. त्याला कामावर परत घ्यायला लावलं आणि मागचा अर्धा पगार द्यायला लावला.

कंपनीचं पत्र परत पाठवणं

उलट बाजूही तितकीच खरी. काही दिवसांनी कंपनीकडून "आपण विनापरवाना गैरहजर आहात, त्वरित हजर व्हा" असं पत्र येतं. बऱ्याचदा ते राधानगरी-भुदरगडकडच्या गावच्या पत्त्यावर जातं, कारण भरतीच्या वेळी तोच पत्ता लिहिलेला असतो. घरचे घाबरून पोस्टमनला नको म्हणतात. योग्य पत्त्यावर आलेलं पत्र नाकारलं, तरी ते मिळाल्यासारखंच धरलं जातं. त्यामुळे घ्या, वाचा, आणि हजर व्हा लिहिलं असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी खरोखर हजर व्हा. आत घेतलं नाही तर त्याच दिवशी पुन्हा पत्र.

कामगार आयुक्त कार्यालयातल्या समेटाच्या बैठकीत कंपनीने "उद्यापासून या" म्हटलं, तर "आधी मागचा पगार द्या, मग येतो" असं म्हणू नका. मागच्या पगाराचा हक्क राखून कामावर जाता येतं, तसं लिहून द्या आणि जा. न गेलात, तर त्या तारखेपासून पुढचा पगार मागायला तोंड राहत नाही.

राजीनामा, माफीनामा आणि कोरा कागद

"राजीनामा दे, दुसरीकडे चांगलं सांगतो. नाहीतर पोलीस केस करतो." केबिनमध्ये तीन माणसं समोर बसलेली असताना हे ऐकलं की भले भले सही करतात. सही झाली असेल तर घरी बसून पश्चात्ताप करण्यात दिवस घालवू नका. त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, पत्र पाठवा: सही दबावाखाली घेतली, राजीनामा मागे घेत आहे, कामावर यायला तयार आहे. राजीनामा स्वीकारला जाण्याआधी मागे घेता येतो. महिन्याने केलेली दबावाची तक्रार कोणाला पटत नाही.

कामाला लागतानाच कोऱ्या कागदावर सह्या घ्यायची पद्धत काही ठिकाणी अजून आहे. तुमच्या बाबतीत तसं झालं असेल, तर पहिल्या पत्रातच लिहा. पीएफच्या पोर्टलवर काम सोडल्याची तारीख आणि कारण काय भरलंय, तेही लगेच बघा. तिथे राजीनामा दाखवला असेल तर लेखी हरकत घ्या आणि स्क्रीनवरची नोंद काढून ठेवा.

माफीनामा तर त्याहून धोक्याचा. "लिहून दे, विषय संपला" म्हणतात, आणि मजकूर त्यांनीच सांगितलेला असतो. "मी सुपरवायझरच्या अंगावर धावून गेलो, शिवीगाळ केली, पुन्हा करणार नाही" असं लिहून दिलं की ती कबुली झाली. पुढची चौकशी नावापुरती उरते. लिहायचंच असेल, तर झालेल्या प्रकाराबद्दल खेद वाटतो एवढंच लिहा.

शिवीचा प्रश्न आलाच आहे तर एक गोष्ट स्पष्ट सांगतो. "शिवी दिली म्हणून कोण काढतंय" या भ्रमात राहू नका. १९८४ मध्ये वेदप्रकाश गुप्ता यांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने शिवीगाळीसाठी काढून टाकणं ही जास्तीची शिक्षा ठरवली, हे खरं. पण २००५ मध्ये महिंद्र अँड महिंद्रच्या एका कामगाराच्या खटल्यात, वरिष्ठाला घाणेरड्या शिव्या दिल्याबद्दलची बडतर्फी त्याच कोर्टाने कायम केली. आधी समोरच्याने डिवचलं का, आजवरचं रेकॉर्ड कसं आहे, याला वजन असतं. म्हणून डिवचल्याचा पुरावा लागतो, आणि तो सीसीटीव्हीत असतो. कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं. "अमुक तारखेचं, अमुक वेळेचं चित्रण जपून ठेवावं" ही मागणी पहिल्याच पत्रात घाला. नंतर चित्रण नाही म्हणाले, तरी तुम्ही मागितलं होतं हे कागदावर राहतं.

चौकशीवर बहिष्कार

कारणे दाखवा नोटीस, आरोपपत्र, मग चौकशी. "चौकशी अधिकारी मालकाचाच वकील आहे, कशाला जायचं?" शंका रास्त असेलही. तरी जायचं. गैरहजर राहिलात तर एकतर्फी चौकशी होते, आणि "संधी दिली होती, आला नाही" हे वाक्य अहवालात ठळक येतं. जाऊन काय करायचं? कागदपत्रं मराठीत मागा. सहकारी किंवा संघटनेचा पदाधिकारी प्रतिनिधी म्हणून मागा. साक्षीदारांना उलट प्रश्न विचारा. रोजनाम्यावर (त्या दिवशीच्या कामकाजाच्या लेखी नोंदीवर) सही करण्याआधी वाचा, चुकीचं असेल तर सहीशेजारीच हरकत लिहा. प्रत घेतल्याशिवाय उठू नका.

निलंबनात निर्वाह भत्ता मिळतो. पहिले ९० दिवस पगाराच्या ५० टक्के, आणि विलंब तुमच्यामुळे नसेल तर पुढे ७५ टक्के. तो दिला नाही आणि त्यामुळे चौकशीला येणं जमलं नाही, तर चौकशीच सदोष ठरू शकते. पण भत्ता मिळत नाही हे वेळच्या वेळी लिहून कळवलेलं असलं पाहिजे.

आता याच्या अगदी उलटी चूक. चौकशी न करताच काढलं, म्हणजे केस जिंकलीच, असं समजून बरेच जण निवांत बसतात. चौकशी झाली नसली किंवा सदोष ठरली, तरी मालकाला थेट कोर्टात पुरावा देऊन आरोप सिद्ध करता येतो. फायरस्टोन टायरच्या १९७३ च्या निकालापासून हे पक्कं आहे. तेव्हा तुमचे साक्षीदार, तारखा, फोनमधले मेसेज पहिल्या दिवसापासून गोळा करून ठेवा.

फोनबद्दल जरा वेगळं. ग्रुपवर "बघून घेतो" छापाचे मेसेज टाकू नका, रील तर मुळीच नको. ते पुढे आरोपपत्रासोबत जोडलेले दिसतात. आणि पुराव्याचा फोन विकू किंवा बदलू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं, त्यासाठी मूळ फोन हाताशी असलेला बरा.

एकाला काढलं म्हणून सगळे बाहेर

भावना समजते. पण २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे आणि १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा गेला. आता कोणत्याही कारखान्यात संपाआधी १४ दिवसांची नोटीस लागते, आणि निम्म्या किंवा त्याहून जास्त कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा टाकली तर तोही संपच धरला जातो. एकाच्या नोकरीसाठी तीसजणांवर बेकायदा संपाचा ठपका येऊ देऊ नका.

मुदत

"बघू, दिवाळीनंतर." यात केस जाते. महाराष्ट्राच्या १९७१ च्या अनुचित कामगार प्रथा कायद्याखाली कामगार न्यायालयात तक्रार करायला ९० दिवस असतात. सूडबुद्धीने काढणं, खोट्या आरोपात गोवणं, किरकोळ चुकीला जबर शिक्षा देणं, हे सगळं त्यात येतं. उशीर माफ होऊ शकतो, पण सबळ कारण दाखवावं लागतं. १९४७ च्या कायद्यात कामावरून काढल्यानंतर तीन वर्षांपर्यंत थेट कामगार न्यायालयात जाता येत होतं, ते आता डोक्यातून काढा. नव्या संहितेत दोन वर्षं उलटली की समेट अधिकारी वाद हातात घेऊच शकत नाही, आणि समेट फसल्याचा अहवाल आला की न्यायाधिकरणात जायला ९० दिवस. सरळ ९० दिवसांचा हिशेब धरून चाला.

साखर कारखान्यातल्या भावांना वेगळं सांगायला हवं. तिथे १९४६ च्या राज्याच्या औद्योगिक संबंध कायद्यावर चाललेल्या प्रकरणांत आदेशापासून तीन महिन्यांत मालकाला "अ‍ॅप्रोच लेटर", म्हणजे आदेश बदलण्याची मागणी करणारं पत्र, द्यावं लागत आलं आहे. ते न देता थेट दावा केला की पहिल्याच तारखेला अडचण. पाटाकडील असो की माळावरचा, कारखान्यातल्या संघटनेला आधी हेच विचारा.

कोणाविरुद्ध, आणि कोण म्हणून?

काम एका फाउंड्रीत, पीएफ ठेकेदाराच्या नावावर, हजेरी तिसऱ्याच्या वहीत. अशा वेळी फक्त ठेकेदाराला पार्टी केलं तर तो "मी तर काम बंद केलं" म्हणून हात झटकतो. फाउंड्री आणि ठेकेदार, दोघांनाही पार्टी करा. इचलकरंजीत यंत्रमागावर विणलेल्या कापडाच्या मीटरवर मजुरी घेणाऱ्या कामगाराकडे तर पगारपत्रकच नसतं. उचलीची वही, बँकेत किंवा फोनवर आलेले पैसे, पाळीचे मेसेज, ईएसआयचं कार्ड, जे असेल ते जमवा. नोटीस आणि भरपाईचं कायदेशीर संरक्षण मागायचं असेल, तर बारा महिन्यांत २४० दिवस भरल्याचं आधी तुम्हाला दाखवावं लागतं. पगारी सुट्ट्या आणि पगारी साप्ताहिक सुट्टी त्यात मोजली जाते, हे लक्षात ठेवा. कंपनीचं हजेरी रजिस्टर कोर्टामार्फत मागवता येतं, तो अर्ज करायला वकिलाला सांगा.

"तू सुपरवायझर आहेस, तुला कामगार कायदा लागू नाही," हेही ऐकू येतं. पद काय लिहिलंय याने ठरत नाही, प्रत्यक्ष काम काय करता याने ठरतं. दिवसभर मशीनवर उभं राहणाऱ्याला नुसतं इनचार्ज म्हटल्याने तो सुपरवायझर होत नाही. खरोखर देखरेखीचं काम असलं, तरी नव्या संहितेत महिना १८,००० रुपयांपर्यंत पगार असलेला कामगारच धरला जातो.

हिशेब घेताना

काढल्यावर दोन कामाच्या दिवसांत थकलेला पगार द्यायचा असतो, तो घ्या. तो तुमचाच आहे. फक्त पावतीवर "सर्व येणं मिळालं, काही तक्रार नाही" छापलेलं असेल तर त्याखाली "हक्क राखून, निषेध नोंदवून" असं स्वहस्ते लिहा. लिहू देत नसतील तर सही न करता निघा आणि पैसे बँकेत जमा करायला पत्राने सांगा.

दाव्यात एक ओळ हमखास राहून जाते: काढल्यापासून मला दुसरीकडे नोकरी नाही. दीपाली सुरवसे यांच्या २०१३ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की बेकायदा काढलेल्याला मागच्या पगारासह परत घेणं हा सर्वसाधारण नियम आहे. पण कामगाराने आपण बेकार होतो एवढं तरी म्हटलं पाहिजे, मग तो दुसरीकडे कमावत होता हे मालकाने दाखवायचं. मधल्या काळात शेतात राबलात, वडापची गाडी चालवली, तर ते लपवू नका. जिंकल्यावर कंपनी हायकोर्टात गेली, तर निकाल लागेपर्यंत शेवटचा पगार दरमहा मागता येतो, आणि तिथेही बेकारीचं प्रतिज्ञापत्र लागतं. १८ ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच बसतं, त्यामुळे त्यासाठी आता मुंबईची गाडी पकडावी लागत नाही.