इमेज रिस्टोअर होईना? आधी गाडी कुठं अडलीय ते बघा

रात्री साडेदहाला मेव्हण्याचा फोन. "दाजी, कॉम्प्युटर म्हणतोय डिस्कच सापडत नाही, आणि डिस्क तर मी आत्ताच लावलीय." त्याचं रिटर्न भरायचं काम, जुलैचा शेवटचा आठवडा, जुनी ५०० जीबीची हार्डडिस्क कुरकुर करायला लागली म्हणून पठ्ठ्यानं शहाण्यासारखी आधी विंडोजची सिस्टिम इमेज (म्हणजे विंडोज, प्रोग्रॅम, फायली सगळ्याची एकत्र प्रत) काढून ठेवली होती, मग नवीन एसएसडी आणली, ती प्रत तिच्यावर उतरवायला, म्हणजे रिस्टोअरला लावली आणि हा एरर. आकडा वाचायला लावला तर शेवटी ८००४२४१२. म्हटलं एसएसडी केवढ्याची आणलीस? "चारशे ऐंशी जीबी." झालं, गोची तिथंच होती.

त्याचं पुढं काय केलं ते सांगतोच, पण आधी एक काम करा. एरर आला की मोबाइलनं स्क्रीनचा फोटो काढा आणि माऊसवरून हात उचला. परत परत रिस्टोअर दाबणं, डिस्क फॉरमॅट मारणं, दुसरं सॉफ्टवेअर टाकणं हे सगळं नंतर. आणि जुनी डिस्क अजून जिवंत असेल तर ती काढून कपाटात ठेवा, कारण घाईत चुकीची डिस्क निवडून तिच्यावरच इमेज ओतणारे मी दोन जण बघितलेत, त्यातला एक मीच.

आता बघायचं ते हे, की गाडी अडलीय कुठं. रिस्टोअर सुरूच होत नाही, की अर्ध्यात मरतंय, की शंभर टक्के होऊन कॉम्प्युटर चालू होत नाही? हे तीन वेगळे आजार आहेत आणि एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही.

सुरूच होत नाही

विंडोजच्या स्वतःच्या टूलला नवी डिस्क मूळ डिस्कएवढी किंवा मोठीच लागते. आत डेटा फक्त ९० जीबी असला तरी त्याला त्याचं काही नाही. ५०० जीबीची डिस्क विंडोजमध्ये ४६५ दिसते आणि ४८० ची दिसते ४४७, मग तो सरळ म्हणतो की वापरता येईल अशी डिस्कच सापडली नाही. डिस्क दिसतेय हो, पुरत नाहीय, पण एरर लिहिणाऱ्यानं ते तसं लिहिलेलं नाही.

यावर उपाय दोन. पैसे आणि दुकान दोन्ही जवळ असेल तर मोठी एसएसडी बदलून आणा, सगळ्यात कमी डोकेदुखी. नाहीतर जुनी डिस्क अजून चालतेय तर विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन सी ड्राइव्ह श्रिंक, म्हणजे लहान करा आणि नवी इमेज काढा, पण यावेळी विंडोजच्या टूलनं नाही, क्लोनझिलानं. क्लोनझिला हे इमेज काढायचं-उतरवायचं सॉफ्टवेअर, फुकट आहे, तोही आधी लहान डिस्क बघून नाहीच म्हणतो, पण त्याच्या एक्स्पर्ट मोडमध्ये डिस्कची साइज तपासू नको आणि पार्टिशन (डिस्कचे आतले भाग) प्रमाणात बसव असे पर्याय आहेत. आतली पार्टिशनं खरोखर बसतील एवढी लहान केलेली असली तरच ते चालतं, नुसती टिकमार्क करून चमत्कार होत नाही. श्रिंक करताना विंडोज फारच थोडी जागा सोडत असेल तर हायबरनेशन आणि पेजफाइल तात्पुरती बंद करून बघा, मध्येच ठाण मांडून बसलेल्या फायली बहुतेक याच असतात.

इमेजच दिसत नसेल तर फोल्डर बघा. विंडोजनं बनवलेला 'विंडोजइमेजबॅकअप' हा फोल्डर ड्राइव्ह उघडल्या उघडल्या दिसायला हवा, दुसऱ्या कुठल्या फोल्डरच्या आत नको. कोणीतरी नीट आवरून 'बॅकअप जुना' नावाच्या फोल्डरात तो टाकलेला असतो आणि मग टूल म्हणतं इमेज नाही. बाहेर काढा, नाव जसंच्या तसं ठेवा, लगेच दिसेल.

रेस्क्यू पेनड्राइव्हवरून (विंडोज चालत नसताना कॉम्प्युटर चालू करायचा पेनड्राइव्ह) चालू केल्यावर एसएसडीच गायब, हा प्रकार इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या लॅपटॉपवर फार. तिथं व्हीएमडी नावाचं डिस्कसंबंधीचं सेटिंग बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारी मशीनची सेटिंग) चालू असतं आणि त्याचा ड्रायव्हर नसेल तर एनव्हीएमई प्रकारची एसएसडी दिसतच नाही. लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून तो स्टोरेज ड्रायव्हर घ्या, उघडून पेनड्राइव्हवर ठेवा आणि विंडोजच्या रिकव्हरी स्क्रीनवर 'लोड ड्रायव्हर' करा. नुसतं व्हीएमडी बंद केलं तरी डिस्क दिसेल, पण इमेज त्याच लॅपटॉपची असेल तर रिस्टोअरनंतर ते सेटिंग परत होतं तसं करा, नाहीतर पुढचं दुखणं सुरू.

अर्ध्यात मरतंय

इथं शंका तीन ठिकाणी घ्यायची, इमेज, वायर, रॅम. सॉफ्टवेअरमध्ये व्हेरिफाय नावाचं बटण असतं ते आधी चालवा, वेळ खातं पण खाऊ द्या. एकाच टक्क्यावर दरवेळी फेल होत असेल तर इमेज फाइल खराब आहे किंवा ती ज्या डिस्कवर ठेवलीय त्या डिस्कला बॅड सेक्टर (खराब झालेल्या जागा) आहेत. विंडोजचा एरर २३, सायक्लिक रिडंडन्सी चेक म्हणणारा, हा त्यातलाच, म्हणजे डिस्कवरून वाचलं ते धड वाचता आलं नाही. आणि दरवेळी वेगळ्याच टक्क्यावर फेल होत असेल, एकदा १८, एकदा ६३, तर इमेजला दोष देऊ नका, केबल आणि रॅम बघा. यूएसबी हब काढून मागच्या पोर्टला थेट लावा, केबल बदला. तरीही तेच तर रात्रभर मेमटेस्ट, म्हणजे रॅम तपासणारं सॉफ्टवेअर, लावून ठेवा. मला एकदा आठ जीबीच्या एका रॅमनं दोन दिवस नाचवलंय, आणि तोवर मी बिचाऱ्या हार्डडिस्कला शिव्या घालत होतो.

डिस्कची तब्येत क्रिस्टलडिस्कइन्फो नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये बघा. तिथल्या यादीत सी५ म्हणजे पेंडिंग सेक्टर (धड वाचता न येणाऱ्या जागा), त्यासमोर शून्याच्या वर आकडा असला तर डिस्क आजारी आहे. सी७ (डेटा ने-आण करतानाच्या चुका) वाढत असेल तर बहुतेक साटा केबल, पन्नास-शंभर रुपयांचं काम.

इमेज खरंच खराब निघाली तरी रडायच्या आधी एक करून बघा. विंडोजच्या इमेज फोल्डरात व्हीएचडीएक्स नावाच्या मोठ्या फायली असतात, त्या दुसऱ्या चालू कॉम्प्युटरवर डबल क्लिक केल्या की ड्राइव्हसारख्या उघडतात. पूर्ण रिस्टोअर होत नसलं तरी आतला टॅलीचा डेटा, फोटो, डेस्कटॉपवरचा पसारा कॉपी करता येतो बऱ्याचदा. मग विंडोज नव्यानं टाकलं तरी चालतं.

आणि हो, लॅपटॉप चार्जरला आणि डेस्कटॉप यूपीएसवर. ८० टक्क्यांवर लाइट गेली की सगळं पहिल्यापासून.

शंभर टक्के झालं, पण चालू होईना

सगळ्यात जास्त लोक इथंच अडकतात आणि खरं तर इथं डेटा सुरक्षित असतो, फक्त विंडोजचं दार सापडत नसतं. आधी बायोसमध्ये जाऊन बघा, जुना कॉम्प्युटर लेगसी मोडवर होता की यूईएफआयवर (चालू व्हायच्या या जुन्या आणि नव्या पद्धती). जुन्याची डिस्क एमबीआर पद्धतीची (पार्टिशनची जुनी मांडणी, नवी ती जीपीटी) आणि नवीन मशीन फक्त यूईएफआय, तर ती बूट होणार नाही. विंडोजचं टूल तर अशी इमेज घ्यायलाच नकार देतं, फर्मवेअर वेगळं आहे म्हणून. क्लोनझिलासारख्यानं इमेज उतरवली असेल आणि आत विंडोज १० किंवा ११ असेल तर रिकव्हरीच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये एमबीआर-टू-जीपीटी नावाची मायक्रोसॉफ्टचीच कमांड आहे, डेटा न घालवता डिस्क बदलून देते. आधी व्हॅलिडेट करा, ते पास झालं तरच कन्व्हर्ट.

दोन्हीकडे यूईएफआयच असेल तर बूटची फाइल परत बनवायची. (कमांड अर्थातच इंग्रजी स्पेलिंगनं टाइप करायच्या, मी इथं उच्चार लिहितोय.) विंडोजच्या पेनड्राइव्हवरून चालू करून कमांड प्रॉम्प्ट उघडा, डिस्कपार्ट टाइप करा, मग लिस्ट व्हॉल्यूम. यादीत साधारण १०० एमबीचं फॅट-३२ दिसेल, ते ईएफआय पार्टिशन, त्याला सिलेक्ट करून एस हे अक्षर द्या. त्याच यादीत विंडोजचं पार्टिशन कुठल्या अक्षरावर आहे तेही बघून घ्या, रिकव्हरीत सी चा डी झालेला असू शकतो आणि लोक इथंच फसतात. बाहेर या आणि बीसीडीबूट चालवा, त्याला विंडोज फोल्डरचा पत्ता, एस ड्राइव्ह आणि यूईएफआय सांगायचं. 'बूट फाइल्स सक्सेसफुली क्रिएटेड' आलं की पेनड्राइव्ह काढून रीस्टार्ट. जिथं तिथं सांगितली जाणारी बूटरेक फिक्सबूट ही कमांड यूईएफआयवर बऱ्याचदा 'ॲक्सेस इज डिनाइड' म्हणून तोंडावर फेकते, तिच्या मागं तास घालवू नका.

निळा स्क्रीन आणि 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस' दिसलं तर विंडोज सुरू झालंय पण डिस्कचा ड्रायव्हर सापडत नाहीय. बायोसमध्ये साटा मोड (डिस्कशी बोलायची पद्धत) जुन्या मशीनला जो होता तोच ठेवा, एएचसीआय असेल तर एएचसीआय. किंवा एकदा सेफ मोडमध्ये चालू करा, बऱ्याचदा तेवढ्यात ड्रायव्हर बसून जातो.

निळ्या स्क्रीनवर बिटलॉकरची (विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप) ४८ आकडी की मागितली तर घाबरू नका, मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर सहसा सेव्ह असते, मोबाइलवरून लॉगिन करून बघा. तिथं नाही आणि कुठंच लिहूनही ठेवली नाही, तर मात्र मार्ग नाही.

मेव्हण्याचं शेवटी दुसऱ्या दिवशी जुनी डिस्क श्रिंक करून क्लोनझिलानं झालं, दोनदा बीसीडीबूट चालवावं लागलं कारण पहिल्यांदा मीच फोनवर ड्राइव्हचं अक्षर चुकीचं सांगितलं. मग त्यानं कौतुकानं जुनी डिस्कही शेजारी जोडली तर ती ऑफलाइन दिसायला लागली, दोन्ही डिस्कची सही (विंडोज डिस्क ओळखतं तो क्रमांक) एकच असल्यामुळं विंडोज एकीला बाजूला बसवतं. तिला म्हटलं तशीच राहू दे, महिनाभर हात लावू नकोस.