तळ्याचा भूगोल आणि लोककथा यांची एकत्र नोंद कशी करावी

गोड्या पाण्याच्या तळ्याची नोंद करताना आधी काठाने पायी एक पूर्ण फेरी मारावी आणि पाणी कोठून येते व कोठून बाहेर पडते, हे नकाशावर दाखवावे. कारण हिमनदीने कोरलेला खोलगट भाग, ज्वालामुखीचे मुख किंवा माणसाने घातलेला बांध यांपैकी तळे कशातून निर्माण झाले, यावर त्याचा पुढचा बराचसा स्वभाव ठरतो. खोलीसाठी दर मीटरला गाठ मारलेली, टोकाला वजन बांधलेली दोरी पुरते. पाण्याची पारदर्शकता मोजण्यासाठी, इटालियन खगोलशास्त्रज्ञ आंजेलो सेक्की यांनी १८६५ मध्ये वापरात आणलेल्या पद्धतीनुसार, सुमारे २० सेंटिमीटर व्यासाची काळी-पांढरी तबकडी पाण्यात सोडावी आणि ती दिसेनाशी होते ती खोली लिहून ठेवावी.

लोककथांना मात्र अधिक वेळ द्यावा. सांगणाऱ्याची परवानगी घेऊन कथा त्याच्याच शब्दांत उतरवावी, त्याने ती कोणाकडून ऐकली हेही विचारावे आणि दोन पाठ जुळत नसतील तर त्यांची सरमिसळ न करता ते वेगवेगळे ठेवावेत. तो फरकच माझ्या मते सर्वांत मोलाचा असतो. वेल्समधील लिन तेगिद या तळ्याखाली नगर बुडाल्याची कथा सांगितली जाते. अशी कथा आपल्या तळ्याबद्दल मिळाल्यास तिची जागा त्याच नकाशावर खुणावी आणि तेथील खोली पुन्हा मोजावी. ‘येथे तळ लागत नाही’ असे सांगितले जाते, तेथे काठ एकदम खोल होतो का, हेही दोरीने सावधपणे, शक्यतो नावेतून, तपासावे.