कारखान्याचा सेंद्रिय गाळ शेतात टाकण्याआधी

पहिलं काम ईसी (विद्युत वाहकता), म्हणजे गाळातल्या क्षारांची तपासणी. गेल्या वेळी मी नत्र, स्फुरद, पालाश, सामू, जड धातू असं सगळं तपासून घेतलं आणि नेमके क्षार राहिले. रोपं वर आली, आठवड्यात पानांची टोकं करपली. जिथे ढीग उतरवला होता तिथे तर एकही दाणा उगवला नाही. माती सुकल्यावर त्या जागेवर पांढरा पापुद्रा धरला होता, नखाने खरवडला की निघायचा.

म्हणून कारखान्यात आधी विचारा, प्रक्रियेत किंवा धुण्यात मीठ, कॉस्टिक सोडा वापरता का? वापरत असतील तर सोडियमही तपासा. सोडियममुळे चिकण माती घट्ट बसते आणि निचरा जातो, मग नुसतं पाणी सोडून क्षार धुऊनही निघत नाहीत. नमुना ढिगाच्या वरून उचलू नका. दहा-बारा ठिकाणांहून आतला गाळ घ्या, बादलीत कालवा, त्यातला पाठवा. आणि दर खेपेची ईसी वेगळी काढा. पहिली खेप चांगली निघाली म्हणून दुसरी तशीच असेल, असं अजिबात धरू नका.

घरी पाहायचं तर एक भाग वाळलेला गाळ, पाच भाग डिस्टिल्ड वॉटर, तासभर अधूनमधून हलवा, निवळल्यावर ईसी मीटर बुडवा. इथे एक घोळ होतो. खारी जमीन ओळखायची 4 डेसीसायमन प्रति मीटर ही मर्यादा संपृक्त अर्काची, म्हणजे माती पाण्याने पुरती भिजवून त्यातून काढलेल्या पाण्याची आहे. 1:5 च्या पाण्यात आकडा त्याहून बराच कमी येतो. तो 4 च्या खाली दिसला म्हणून निश्चिंत होऊ नका. शंका असेल तर गाळमिश्रित माती आणि साधी माती अशा दोन कुंड्यांत मुळ्याचं बी पेरा आणि उगवण मोजा.

जड धातूंचा अहवाल हवाच, ते मातीत गेले की परत निघत नाहीत. गाळ कुजलेला हवा. कर्ब-नत्र गुणोत्तर 30 च्या वर असेल तर जिवाणू मातीतलंच नत्र ओढून घेतात आणि पीक पिवळं पडतं. 20 च्या खाली आलेला बरा. ढीग आतून गरम लागत असेल तर थांबा, घाई करू नका.

आपल्या मातीचीही ईसी काढा. तीच खारी असेल तर हा नाद सोडा.

विहीर, ओढा यांपासून लांब टाका. पावसाच्या तोंडावर नको. वाफसा असताना पसरा, त्याच दिवशी मातीत मिसळा. एक पट्टा गाळाविना ठेवा. खेप, तारीख, ईसी लिहून ठेवा. पेरणीआधी मातीची ईसी पुन्हा एकदा.