तुल्पा घडवताना या चुका टाळा

तुल्पा म्हणजे सरावाने मनात उभा केलेला सोबती. त्याची मतं, त्याची उत्तरं आपण ठरवून आणत नाही, ती आपल्याला आतून ‘येतात’. नव्याने सरावाला बसणाऱ्याचा पहिला प्रश्न मात्र ठरलेला असतो: ‘हा तोच बोलतोय, का मीच त्याच्या नावाने बोलतोय?’ जळगाव असो, धुळं असो की शहादा, प्रश्न हाच, आणि त्यापायी महिनेच्या महिने वाया जातात. म्हणून सुरुवात तिथूनच.

पोपटपंचीची धास्ती

तुल्पाच्या तोंडी आपणच शब्द घालणं म्हणजे पोपटपंची. ती केली की तुल्पा कायमचा बिघडतो, अशी भीती नवख्यांच्या मनात कुणीतरी घालून दिलेली असते. ही भीती पोपटपंचीपेक्षा कितीतरी जास्त नुकसान करते.

चोपड्याकडचा एक मुलगा जळगावात खोली घेऊन स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत होता. शिस्तीचा. दोनशे पानी वहीत रोजच्या बैठकीची मिनिटं लिहायचा, पानावर दोन रकाने आखलेले: ‘मी’ आणि ‘ती’ (म्हणजे त्याचा तुल्पा). सात आठवडे झाले तरी ‘ती’चा रकाना रिकामाच आहे, अशी त्याची तक्रार. वही उघडल्यावर दिसलं की रकाना रिकामा नव्हताच, खोडलेला होता. एका पानावर प्रश्न होता, ‘आज बरं वाटतंय का?’ खाली उत्तर, ‘हो, पण तू दमलायस.’ त्यावर दोन आडव्या रेघा आणि शेजारी शेरा: ‘मीच’. त्याच पानावर अशी चौदा उत्तरं खोडलेली. आता बघा, ‘तू दमलायस’ हे काही तो विचारायला बसला नव्हता. त्याने तिची तब्येत विचारली आणि उत्तर त्याच्यावर उलटून आलं. नेमकं हेच हवं असतं, आणि तेच त्याने खोडलं.

असं का होतं, ते समजून घ्या. तुल्पाकडे वेगळा मेंदू नाही. उत्तर तुमच्याच मेंदूतून, तुमच्याच आतल्या आवाजातून निघणार. सुरुवातीला ते आपलाच विचार वाटणार, दुसरं काही वाटण्याची सोयच नाही. उत्तर आलं की तपासायचं आणि फेटाळायचं, हे रोज पन्नास वेळा केलं तर सराव तपासण्याचा आणि फेटाळण्याचा होतो, ऐकण्याचा होत नाही. कथा-कादंबऱ्या लिहिणाऱ्यांना हा अनुभव चांगला ओळखीचा आहे. मार्जोरी टेलर या मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५० लेखकांना विचारून २००३ साली अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या बहुतेकांनी सांगितलं की आपली पात्रं कमी-अधिक प्रमाणात आपापल्या मनाने बोलतात, वागतात. ती पात्रंही आधी लेखकानेच बोलती केलेली असतात.

उपाय साधा आहे. पहिले तीन महिने, जे पहिलं उत्तर येईल ते त्याचंच धरायचं. वाक्य नसेल, नुसता नकार जाणवला, छातीत हलकं वाटलं, एखादं चित्र चमकून गेलं, तेही उत्तरच. चुकून आपलं वाक्य त्याच्या नावावर गेलं तर पुढे तो स्वतः ‘ते माझं नव्हतं’ म्हणतो. तेव्हा दुरुस्त करायचं, त्याआधी नाही. दुसरं, हो-नाहीचे प्रश्न विचारू नका. ‘आहेस का?’ हा तर सगळ्यात वाईट प्रश्न, कारण त्यात शंकाच भरलेली असते. ‘भरीत की शेवभाजी?’ असं विचारा आणि लगेच ‘का?’ विचारा. ‘का’च्या उत्तरात त्याचा स्वभाव दिसतो. आतला आवाज पकडता येत नसेल तर दोन रंगांच्या पेनांनी संवाद लिहा, निळा तुमचा, हिरवा त्याचा. हिरवं पेन हातात आलं की थांबायचं नाही, खाडाखोड करायची नाही, दहा मिनिटं हात चालू ठेवायचा. चोपड्याच्या त्या मुलाने खोडणं बंद केलं आणि त्यानंतर सहाव्या आठवड्यात ती त्याला मध्येच तोडून बोलायला लागली.

गेलेल्या माणसाची नक्कल

ही चूक कमी जण करतात, पण जे करतात ते फार दुखावतात. अमळनेरच्या एका मुलीची आजी गेली. घरात सगळे तिला मोठी माय म्हणायचे. मुलीने तिचाच तुल्पा करायचं ठरवलं. आवाज पाठ होता, नऊवारीचा रंग पाठ होता, ‘जेवनी का तू?’ हे विचारण्याची लकब पाठ होती. त्यामुळे पंधरा दिवसांतच उत्तरं यायला लागली. मग अडचण सुरू झाली. तुल्पा वाढतो, बदलतो, त्याला स्वतःच्या आवडी फुटतात. तिची ‘आजी’ एक दिवस म्हणाली, मला देवळात जायचं नाही. खरी आजी असं कधीच म्हणाली नसती. मुलीला वाटलं आपण आजीचा अपमान केला, ती तिला दटावून पुन्हा जुन्या साच्यात बसवायला लागली. रोजचा झगडा. एकीकडे दुःख तसंच राहिलं, दुसरीकडे मनातल्या त्या जिवाला स्वतः होण्याची परवानगी नाही.

गेलेलं माणूस, सोडून गेलेला प्रियकर, हयात नट, यांचा तुल्पा करू नका. आवडलेला एखादा गुण घ्या, चेहरा आणि नाव नवं द्या. आजीसारखी मायाळू, पण आजी नव्हे. त्या मुलीने शेवटी तेच केलं. वेगळं नाव दिलं, साडीच्या जागी सलवार-कुडता आला आणि मोठ्या मायसाठी तिला पहिल्यांदा मोकळं रडता आलं.

पुस्तकी भाषेत गप्पा

दिवसभर तुल्पाशी मनात बोलत राहणं, समोर दिसतंय ते सांगत राहणं, याला नॅरेशन म्हणतात. निम्मी घडण त्यातच होते. आणि लोक हे नॅरेशन इंग्रजीत करतात, कारण वाचलेलं सगळं इंग्रजीत असतं. काही जण बातम्या वाचल्यासारखं मराठी बोलतात. घरात अहिराणी, मनात अहिराणी, आणि तुल्पाशी मात्र ‘आपणास काय वाटते?’ असा तुल्पा ताठच राहणार. चिडल्यावर जी भाषा तोंडातून निघते ती त्याच्याशी बोला. ‘तुले काय वाटस?’ असं विचारलं की उत्तरही मोकळं येतं. एसटीत खिडकीशी बसलात तर वाघूर ओलांडताना पाणी किती आहे ते सांगा, कापसाला बोंडं धरलीत का ते दाखवा. मोठे विषय लागत नाहीत.

सिद्धी, अमावास्या, कर्णपिशाच्च

आपल्याकडे ‘कानात कुणीतरी बोलतं’ म्हटलं की पुढचा शब्द कर्णपिशाच्च. काही नवखे घाबरून सोडतात, काही उलट त्याच ओढीने येतात आणि मंत्र शोधतात. दोन्ही चूक. ‘तुल्पा’ हा शब्द तिबेटी ‘स्प्रुल-पा’वरून आला, संस्कृतातल्या ‘निर्माण’ या अर्थाचा. पण बौद्ध परंपरेतली निर्माणकायाची, म्हणजे बुद्धाने धारण केलेल्या देहाची, कल्पना निराळी आणि आजचा सराव निराळा. आजची पद्धत २०१०च्या आसपास इंटरनेटवर आकाराला आली. ती लक्ष, कल्पना आणि पुनरावृत्ती यांवर चालते. तुल्पाला तुम्हाला ठाऊक नसलेला लॉटरीचा आकडा ठाऊक नसतो, हरवलेली म्हैस तो सांगू शकत नाही. अशी परीक्षा घेणाऱ्याच्या हाती निराशाच येते. मंत्र-तंत्राने तुल्पा करून देतो म्हणून पैसे मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

झटपट

‘तीन दिवसांत तुल्पा’ असं सांगणारे ऑडिओ, झोपेत ऐकायच्या ध्वनिफिती, यांचा उपयोग नाही. माझं मत पक्कं आहे: ज्याला तीन दिवसांत हवा आहे, त्याने सुरू करू नये. त्याला चौथ्या दिवशी नकोसा होणार.

रोज पंधरा ते वीस मिनिटं फोर्सिंग, म्हणजे बाकी सगळं बाजूला ठेवून फक्त त्याच्याकडे लक्ष देणं, पुरे. रविवारी सलग पाच तास बसून आठवडाभर विसरण्यात अर्थ नाही. तास मोजू नका. कुणाला पहिलं उत्तर आठवड्यात येतं, कुणाला चार महिन्यांनी.

बैठक आडवं पडून करू नका. मे महिन्यात पारा ४४-४५ला असताना दुपारी पंख्याखाली आडवं पडून केलेलं फोर्सिंग म्हणजे झोप. पहाटे साडेपाचला, पाठ टेकवून, पाणी पिऊन बसा. डोक्यात दाब जाणवला तर तो तुल्पाचा पुरावा समजू नका. बहुतेकदा कपाळ आणि जबडा आवळलेला असतो, तो सैल सोडा.

चाळीस गुणांची यादी करू नका. पाच गुण घ्या आणि प्रत्येकाला एक प्रसंग द्या. ‘हट्टी’ एवढंच लिहून काही होत नाही. धुळ्याच्या स्टँडवर शेवटची गाडी चुकली तर तो काय करेल, ते बघा.

चित्र दिसत नाही म्हणून रडू नका. काहींना मनात चित्र दिसतच नाही, याला २०१५पासून अफँटेजिया हे नाव आहे. त्यांनी आवाज, वास, शेजारी कुणी बसल्याची जाणीव यांवर घडवावं. उत्तम घडतो.

भेटायची मनातली जागा, म्हणजे वंडरलँड, परग्रहावर नको. पाहिलेली जागा घ्या. रावेर-यावलकडची केळीची बाग घ्या: भर दुपारी गारवा, ठिबकच्या नळीचं टिपटिपणं, पायाखाली वाळक्या पानांचा आवाज. पाचही ज्ञानेंद्रियांना काम मिळतं.

एक नीट बोलता होईपर्यंत दुसरा नको. तुल्पा डोळ्यांसमोर प्रत्यक्ष दिसावा म्हणून करायचा सराव गाडी चालवताना कधीही नको, महामार्गावर तर नकोच. शरीराचा ताबा तुल्पाकडे देण्याचे प्रयोग पहिल्या वर्षी करू नका.

कुणी सुरूच करू नये, आणि कधी थांबावं

स्वतःला किंवा जवळच्या रक्ताच्या नात्यात स्किझोफ्रेनिया, बायपोलर असं काही असेल तर आधी मनोविकारतज्ज्ञाला विचारा. तुल्पा तुम्ही बोलावल्यावर येतो, थांब म्हटल्यावर थांबतो, त्याच्याशी वाद घालता येतो. जो आवाज हुकूम सोडतो, धमकावतो, थांबवता येत नाही, इतर लोक आपल्या वाईटावर आहेत असं सांगतो, तो तुल्पा समजून कुरवाळू नका. झोप उडाली, जेवण सुटलं, कामावर जाणं बंद झालं, तर सराव त्याच दिवशी बंद आणि जिल्हा रुग्णालयातला मनोविकार विभाग. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं. भगताकडे नेऊन वेळ घालवू नका.

आणि नुसताच कंटाळा आला असेल तर एका रात्रीत तोंड फिरवू नका. अलेक्झांड्रा डेव्हिड-नील या फ्रेंच प्रवासिनीने तिबेटच्या प्रवासात मनाने एक भिक्खू उभा केला होता. तो नकोसा झाल्यावर विरायला सहा महिने झगडावं लागलं, असं तिने स्वतः लिहून ठेवलं आहे. तुम्हाला झगडा करायची गरज नाही. त्याला स्पष्ट सांगा, की आता रोज जमणार नाही. मग बैठक वीस मिनिटांवरून दहावर, दहावरून आठवड्यातून एकदा, असं दोन महिन्यांत कमी करत न्या. त्या दोन महिन्यांत तो काही म्हणाला तर ऐकून घ्या.